'आम्ही तुला वचन देतो', यातले 'आम्ही' कोण?

पत्राचा सारांश: टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी चौदा वर्षांची, नववीत, शाळेत स्पॅनिशचं दुसरं वर्ष. कुटुंब दहा वर्षांपूर्वी पुण्याहून तिकडे गेलं, सध्या ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, मुलीचा पासपोर्ट भारतीय. सप्टेंबरात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने स्पॅनिशच्या बाईंनी सांगितलं की, प्रत्येकाने मेक्सिकोची प्रतिज्ञा पाठ करायची आणि वर्गात झेंड्यापुढे उभं राहून, हात छातीशी धरून म्हणायची. तोंडी परीक्षेचे गुण त्याला आहेत. मुलीने घरी येऊन विचारलं, "मी हे म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होईल का?" वडील म्हणतात, गुणांचा प्रश्न आहे, म्हणून टाक आणि मोकळी हो. मुक्कामाला आलेले आजोबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, परक्या झेंड्यापुढे शपथ घ्यायची नाही म्हणजे नाही. आईला आणखी एक टोचणी आहे. ती स्वतः रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आणि तिचा वर्ग 'भारत माझा देश आहे'ने सुरू होतो. ती विचारते, "शाळेकडे तक्रार करू का? केली तर ग्रीन कार्डाला धक्का लागेल का? की मीच उगाच ताणते आहे?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात चार माणसं बोलतात आणि चौघांत सगळ्यात नेमका प्रश्न तुमच्या मुलीने विचारला आहे. गुण, मान, तक्रार, ग्रीन कार्ड हे मोठ्यांचे विषय. तिला एवढंच हवंय की तोंडून निघणारं वाक्य आपलं आहे की नाही ते कळावं. चौदाव्या वर्षी हे सुचलं याचं कौतुक वाटतं, आणि घरात बाकी काही ठरायच्या आधी तिला ते कुणीतरी बोलून दाखवा.

भीतीचं तेवढं पहिल्यांदा बाजूला काढू, कारण ती डोक्यात असली की पुढचं नीट दिसत नाही. वर्गात म्हटलेल्या प्रतिज्ञेने कुणाचं नागरिकत्व येत नाही आणि जातही नाही. परक्या देशाच्या निष्ठेची शपथ घेतल्याने नागरिकत्व जाण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात आहे खरी. पण ती अमेरिकन नागरिकाला लागू होते, तीही त्याने वयाची 18 वर्षं पूर्ण झाल्यावर, स्वखुशीने आणि नागरिकत्व सोडण्याच्याच हेतूने शपथ घेतली तर. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे आपलं नागरिकत्व जातं ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून स्वीकारल्यावर. नववीचा स्पॅनिशचा तास यातल्या कशातच बसत नाही. आणि मुलीच्या बाईंना चार ओळींचं सभ्य पत्र लिहिणं हे कुठल्याही पालकाचं रोजचं काम आहे, त्याचा तुमच्या अर्जाशी संबंध नाही.

आता मुलीचा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर आपल्या मराठीतच आहे. आपण पाढे म्हणतो, कविता म्हणतो, आरती म्हणतो आणि प्रतिज्ञाही म्हणतो. शपथ मात्र घेतो. मंत्री शपथ घेतो, 'शपथ म्हणतो' असं कुणी बोलत नाही. परिपाठातल्या प्रतिज्ञेला भाषेनेच पाढ्यांच्या आणि कवितेच्या शेजारी बसवलं आहे. पण त्याच प्रतिज्ञेचं शेवटाकडचं वाक्य आठवा: 'निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे.' इथे क्रियापद बदललं. इतका वेळ म्हणत होतो, आता करतो आहोत. तुमच्या मुलीला जे खटकलं ते या 'म्हणणं' आणि 'करणं' यांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा खरोखरच निसरडी आहे. ती उगाच ताणत नाही, तुम्हीही नाही.

शाळेच्या नाटकात दुर्योधन झालेला मुलगा भर सभेत वाट्टेल ते बोलतो, तरी त्याला कुणी त्याच्या वाक्यांबद्दल जाब विचारत नाही. कारण त्या वाक्यांतला 'मी' कोण, हे त्यालाही माहीत असतं आणि समोर बसलेल्यांनाही. भाषेच्या वर्गात हा 'मी' किती स्पष्ट आहे, ते मांडणीवर ठरतं. छापील कागद हातात, मुलं जागेवर बसलेली, एकेक ओळ वाचून अर्थ लावतात: हा पाठ झाला. उभं राहायचं, समोर झेंडा, हाताची ठरलेली मुद्रा, सगळ्यांनी एका सुरात आणि कागद न बघता: हा विधी झाला. मेक्सिकोत झेंड्याला मानवंदना देताना उजवा हात छातीवर आडवा धरतात, तळवा जमिनीकडे. तिकडच्या शाळांत सोमवारी सकाळी मुलं असंच उभं राहून प्रतिज्ञा म्हणतात. तुमच्या मुलीच्या वर्गात या सगळ्या खुणा एकदम आल्या आणि त्यावर गुणही ठेवले गेले, म्हणून तिला ते पाठांतर वाटलं नाही. यातल्या दोन खुणा जरी काढल्या, समजा हात आणि झेंडा, तरी त्याच शब्दांचं वजन निम्म्याने उतरतं. बाईंशी बोलताना हे लक्षात असू द्या. तुम्हाला अख्खा पाठ रद्द करून घ्यायची गरज नाही.

अशा वादात एक घोटाळा नेहमी होतो, तोही इथेच सांगते. भाषा परकी असणं आणि निष्ठा परकी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2015 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत परकीय भाषांच्या आठवड्यात अमेरिकेचीच प्रतिज्ञा अरबीत म्हटली गेली. तक्रारींचा इतका भडिमार झाला की शाळेला माफी मागावी लागली. तिथे निष्ठा घरचीच होती, फक्त शब्द अरबी होते. तुमच्याकडे उलट आहे. तुमचा आक्षेप स्पॅनिशला नाही, हे बाईंना लिहाल त्या पत्राच्या पहिल्या ओळीत आलं पाहिजे, नाहीतर ते त्याच जातीचं पत्र समजलं जाईल.

प्रतिज्ञेचे शब्द तुम्ही स्वतः एकदा नीट वाचले आहेत का? घरात कुणी वाचले असतील असं पत्रावरून वाटत नाही. तिचा अर्थ साधारण असा: हे मेक्सिकोच्या झेंड्या, आमच्या वीरांच्या वारशा, आमच्या वाडवडिलांच्या आणि भावंडांच्या एकीच्या खुणे, ज्या स्वातंत्र्याच्या आणि न्यायाच्या तत्त्वांमुळे आमची मायभूमी स्वतंत्र, माणुसकी जपणारी आणि उदार आहे, त्या तत्त्वांशी सदैव प्रामाणिक राहण्याचं वचन आम्ही तुला देतो, याच मायभूमीला आम्ही आमचं अस्तित्व अर्पण करतो.

सुंदर आहे. स्वातंत्र्य, न्याय, उदारपणा, यात नाकारण्यासारखं काही नाही. अडचण आहे ती शेवटच्या तुकड्यात, 'एन्त्रेगामोस नुएस्त्रा एक्सिस्तेन्सिया', म्हणजे आमचं अस्तित्वच देऊन टाकतो. आणि दुसरी अडचण 'नुएस्त्रोस'ची: आमचे वीर, आमचे वाडवडील. मेक्सिकोत वाढणाऱ्या मुलाच्या तोंडी हे शब्द खरे आहेत. तुमच्या मुलीचे वाडवडील वेगळे, एवढीच गोष्ट आहे. तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं ते व्याकरणाच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

आणखी एक बाब शिकवण्याच्या बाजूची. स्पॅनिशच्या दुसऱ्या वर्षाला 'आ ला के एन्त्रेगामोस', म्हणजे 'जिला आम्ही अर्पण करतो', ही संबंधी वाक्याची रचना जड जाते. पूर्ण प्रतिज्ञा हे एकच लांबलचक वाक्य आहे. या टप्प्यावरची मुलं ते नुसतं ध्वनी म्हणून पाठ करतात, आणि महिन्याभराने त्यातलं 'सिएम्प्रे' म्हणजे 'नेहमी' हेसुद्धा वेगळं ओळखता येत नाही. तोंडी परीक्षेत उच्चार तपासायचे असतील तर हे चालेल. भाषा तपासायची असेल तर हा उतारा चुकीचा निवडला आहे. तुमचा हा मुद्दा बाईंना सगळ्यात लवकर पटेल, कारण तो त्यांच्या विषयाचा आहे.

आता एक गोष्ट जरा अडचणीची. पत्रात 'परक्या देशाची प्रतिज्ञा' हा शब्द तुम्ही चार वेळा वापरलात. तुमची मुलगी टेक्ससमधल्या सरकारी शाळेत जात असेल, तर ती रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा ऐकते, बहुधा म्हणतेही, मग टेक्ससच्या झेंड्याची, आणि मग एक मिनिट स्तब्धता. राज्याच्या कायद्यानेच हे रोजचं आहे. तिच्या भारतीय पासपोर्टाच्या हिशेबाने हे दोन्ही झेंडे मेक्सिकोच्या झेंड्याइतकेच परके. इतकी वर्षं त्यावर घरात चर्चा झाली नाही, कारण जे रोज होतं ते दिसेनासं होतं, आणि ज्या देशाने आसरा दिला त्याचा मान ठेवावा हेही आपल्याला मनापासून वाटतं. दोन्ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण मग मेक्सिकोच्या वेळी टोचलं ते नेमकं काय? झेंडा परका म्हणून, की सक्ती आणि गुण म्हणून, की तो देश मेक्सिको म्हणून? तो देश फ्रान्स असता तर उत्तर वेगळं आलं असतं का? मुलीसमोर बसून याचं खरं उत्तर द्या. तिसरं कारण निघालं, तर ते तुमच्या घरात सोडवायचं आहे, शाळेत नेऊ नका.

अमेरिकेच्या प्रतिज्ञेच्या बाबतीतही ही अडचण पुढे आली होती. फ्रान्सिस बेलामी यांनी 1892 मध्ये ती लिहिली तेव्हा शब्द होते 'माझ्या झेंड्याशी'. जगभरातून आलेल्या कुटुंबांची मुलं शाळांत भरली होती, आणि त्यांच्या मनात 'माझा झेंडा' म्हणजे जन्मदेशाचा झेंडा असेल अशी शंका पुढे निघाली. म्हणून 1923 मध्ये 'माझ्या'च्या जागी अमेरिकेचं नाव घातलं गेलं. हाताची मुद्राही बदलली. आधी झेंड्याकडे हात सरळ लांब करत असत. तो नाझी सलामासारखा दिसू लागला, म्हणून 1942 च्या डिसेंबरात हृदयावर हात आला. 'देवाच्या छत्राखाली' या अर्थाचे शब्द तर 1954 मध्ये आले. हे सगळं तुमच्या मुलीला सांगा. प्रतिज्ञा माणसं लिहितात, माणसंच दुरुस्त करतात, आणि कोणता शब्द कुणाच्या तोंडी बसत नाही हा विचार तिच्या आधी शंभर वर्षांपूर्वी मोठ्या माणसांनी केला होता, हे कळलं की तिला एकटं वाटणार नाही.

आजोबांबद्दल थोडं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांनाच विचारा. परदेशी पाहुण्यांच्या स्वागताला मानवंदना असते तेव्हा दोन्ही देशांची राष्ट्रगीतं वाजतात. पाहुण्यांचं राष्ट्रगीत चालू असताना गणवेशातला भारतीय सैनिक सॅल्यूट करतो की नाही? करतो. त्याने त्याची निष्ठा पातळ होते का? होत नाही. सन्मान आणि शपथ यांतला फरक घरात सगळ्यात नीट त्यांनाच माहीत आहे, कारण त्यांनी दोन्ही केलं आहे. सैन्यात शिरताना घेतलेली शपथ त्यांना शब्द न् शब्द आठवत असेल. ती ऐकायला नातीला त्यांच्याजवळ बसवा. ते बरोबर सांगतात ते एवढंच की शपथ हलकी नसते. त्यावरून नातीने मेक्सिकोच्या झेंड्यापुढे उभंही राहू नये असं निघत नाही. उभं राहणं हा सन्मान आहे, आणि तो द्यायला हरकत नाही.

'म्हणून टाक' या वडिलांच्या सल्ल्यावर मात्र माझं मत स्पष्ट आहे. तो व्यवहारी वाटतो, पण त्यातून मुलगी शिकते ते असं की शब्द तोंडातून काढायचे असतात, त्यांचं पुढे काही करायचं नसतं. उद्या ती भारताची प्रतिज्ञाही तशीच म्हणेल.

कायदा कुठे उभा आहे तेही समजून घ्या, म्हणजे किती जोर लावायचा याचा अंदाज येईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 14 जून 1943 रोजी वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात सांगितलं की, झेंड्याला सलाम आणि प्रतिज्ञा यांची सक्ती शाळकरी मुलांवर करता येणार नाही. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ती मुलं होती. भारतात 1986 मध्ये त्याच पंथाच्या केरळमधल्या तीन भावंडांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तसाच निकाल दिला: राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत होती, गात नव्हती, म्हणून त्यांना शाळेतून काढणं चूक. पण हे दोन्ही निकाल स्वतःच्या देशाच्या विधीबद्दलचे. तुमच्यासारखाच प्रसंग 2011 मध्ये टेक्ससमध्येच घडला, स्पॅनिशच्याच वर्गात, मेक्सिकोच्याच प्रतिज्ञेवरून. विद्यार्थिनीने नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि कैक वर्षं चाललं. शेवटी फेडरल अपील न्यायालयाने विद्यार्थिनीच्या विरुद्ध निकाल दिला. त्यांनी त्या प्रतिज्ञेकडे निष्ठेची सक्ती म्हणून पाहिलं नाही, भाषा आणि संस्कृती शिकवण्याचा स्वाध्याय म्हणून पाहिलं. टेक्सस ज्या विभागात येतं तिथलंच हे न्यायालय. म्हणजे कोर्टाची भाषा वापरून तुमच्या हाती फारसं लागणार नाही.

त्यापेक्षा टेक्ससच्या शिक्षण संहितेतली दोन कलमं कामाची आहेत. 25.082 प्रमाणे पालकांनी लेखी विनंती केली तर अमेरिकेच्या आणि टेक्ससच्या रोजच्या प्रतिज्ञांमधून मुलाला सूट मिळते. मेक्सिकोच्या प्रतिज्ञेला ते लागू नाही, पण तुलनेसाठी उपयोगी आहे: स्वतःच्या झेंड्याबाबत राज्य सूट देतं, तर दुसऱ्या देशाच्या झेंड्याबाबत बाईंनी द्यायला काय हरकत? आणि 26.010 प्रमाणे, एखादा उपक्रम तुमच्या धार्मिक किंवा नैतिक श्रद्धेच्या आड येत असेल तर लेखी निवेदन देऊन मुलाला तेवढ्यापुरतं बाहेर ठेवता येतं. मात्र परीक्षा टाळण्यासाठी ते वापरता येत नाही, आणि इथे प्रतिज्ञेला परीक्षेचे गुण आहेत. म्हणून हे कलम शेवटचं ठेवा. दुसऱ्या राज्यांत राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या शाळा-जिल्ह्याचं धोरण बघावं, नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

तर 'तक्रार करू का?' याचं उत्तर: तक्रार नको, पत्र लिहा. आणि ते मुख्याध्यापकांना नाही, बाईंना. वरून आलेला निरोप शिक्षकाला नेहमी आरोपासारखा लागतो, आणि मग स्वतःचा पाठ वाचवण्यातच त्याची शक्ती जाते. पत्र तोंडी परीक्षेच्या निदान तीन-चार दिवस आधी जायला हवं. आदल्या रात्री गेलं तर बाईंपुढे 'हो' किंवा 'नाही' एवढेच पर्याय उरतात. ते इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा ठेवा:

"आमच्या मुलीला तुमचा स्पॅनिशचा वर्ग आवडतो आणि मेक्सिकोचा इतिहास ती उत्सुकतेने वाचते आहे. मेक्सिकोची प्रतिज्ञा वाचून, तिचा अर्थ लावून, त्यावर परीक्षा द्यायला ती तयार आहे. झेंडा समोर असताना ती आदराने उभी राहील. मात्र 'आम्ही तुला वचन देतो' हे शब्द तिच्या दृष्टीने वचन आहेत, आणि जे वचन आपण पाळणार नाही ते देणं तिला योग्य वाटत नाही. तेवढ्याच गुणांसाठी आणि तेवढ्याच काठिण्याचा दुसरा तोंडी स्वाध्याय देता येईल का? एक-दोन कल्पना तिने स्वतः लिहून सोबत जोडल्या आहेत."

'मेक्सिकोची प्रतिज्ञा नको' असं वाक्य पत्रात कुठेही येऊ देऊ नका. वर्गात मेक्सिकन कुटुंबांतली मुलं असणार, टेक्ससमध्ये ती सगळीकडे आहेत, आणि 1836 पर्यंत ती जमीनच मेक्सिकोची होती. पत्राची गोष्ट वर्गात झिरपली तर त्या मुलांच्या कानावर काय पडेल याचा विचार करून शब्द निवडा. त्यांच्या आजीआजोबांची प्रतिज्ञा कुणाला तरी विटाळ वाटते, असं त्यांना वाटणं हे तुमच्या मुलीच्या अवघडलेपणापेक्षा मोठं नुकसान आहे.

'तेवढेच गुण, तेवढंच काठिण्य' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. नुसता 'दुसरा स्वाध्याय' मागितला की बऱ्याचदा पाच पानांचा निबंध पदरी पडतो, किंवा मुलाला तेवढा तास ग्रंथालयात बसवतात. दोन्हींत ते मूल वेगळं काढलं जातं. म्हणून पर्याय तुम्हीच सुचवा, आणि शक्यतो असे की बाईंना ते सगळ्या वर्गाला द्यावेसे वाटतील.

मला सगळ्यात आवडणारा पर्याय म्हणजे पुरुष बदलणं. प्रतिज्ञा तीच, फक्त प्रथमपुरुषाची तृतीयपुरुषात आणायची. 'ते प्रोमेतेमोस', आम्ही तुला वचन देतो, याचं होतं 'ले प्रोमेतेन', ते झेंड्याला वचन देतात. 'नुएस्त्रोस एरोएस', आमचे वीर, याचं 'सुस एरोएस', त्यांचे वीर, 'एन्त्रेगामोस नुएस्त्रा एक्सिस्तेन्सिया'चं 'एन्त्रेगान सु एक्सिस्तेन्सिया'. क्रियापद, सर्वनाम आणि स्वामित्वदर्शक शब्द, तिन्ही एकदम बदलावे लागतात. घोकंपट्टीने हे जमत नाही, अर्थ कळल्याशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही. शिवाय खोटं बोलण्याचा प्रश्नच मिटतो: मेक्सिकोची मुलं त्यांच्या झेंड्याला वचन देतात, हे वाक्य तुमच्या मुलीच्या तोंडीही शंभर टक्के खरं आहे. सगळा बदल मिळून आठ-नऊ जागी आहे, एका तासात होतो.

दुसरा, स्पॅनिश बोलणाऱ्या तीन देशांची तुलना, तोंडी, तीन मिनिटांत. मेक्सिकोत दर सोमवारचा विधी. अर्जेंटिनात चौथीची मुलं 20 जूनला, ध्वजदिनी, झेंड्याला वचन देतात: शिक्षक प्रश्न विचारतात आणि मुलं 'सी, प्रोमेतो', हो, वचन देतो, असं उत्तर देतात. आणि स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, लोक नुसते उभे राहून सूर ऐकतात. भाषा एक, पण झेंड्याशी बोलण्याच्या तीन तऱ्हा. मेक्सिकन घरांतल्या मुलांनाही यात सांगण्यासारखं पुष्कळ सापडेल.

जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या पालकांपुढे प्रतिज्ञेऐवजी बहुधा राष्ट्रगीत येईल. गाण्याला आपण आधीच गाणं म्हणून ओळखतो, म्हणून ते कमी टोचतं. तरी अर्थ आधी, सूर नंतर, हा क्रम तिथेही मागून घ्या. जर्मनीत राष्ट्रगीताचं तिसरं कडवंच तेवढं अधिकृतपणे गातात, आणि ते का, हे शिकवणं गाण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पर्याय मिळाला नाही तर? मग मुलीपुढे तीन वाटा उरतात: म्हणायचं, उभं राहून गप्प राहायचं आणि जातील ते गुण जाऊ द्यायचे, किंवा बाईंच्या परवानगीने सुरुवातीला स्पॅनिशमध्ये एक वाक्य जोडायचं, 'मेक्सिकोतले विद्यार्थी असं म्हणतात'. तिसरी वाट लहानशी आहे, पण त्या एका वाक्याने 'आम्ही' कोण ते स्पष्ट होतं आणि सगळी प्रतिज्ञा अवतरणात जाते. निवड तिची असू द्या. तिने विचार करून म्हणायचं ठरवलं तर तेही मान्य करा, आजोबांनाही करायला लावा. एवढं मात्र सांगून ठेवा की वर्गात मोबाइलवर चित्रीकरण करायचं नाही आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काही टाकायचं नाही. बाहेर गेल्यावर ते प्रकरण तिचं राहत नाही. तिला ओळखत नसलेली माणसं तिच्या नावाने भांडू लागतात आणि तिला उरलेलं वर्ष त्याच वर्गात काढायचं असतं.

राहिली तुमची रविवारची टोचणी. ती तुम्ही स्वतःहून लिहिलीत, म्हणून या पत्राला इतकं लांब उत्तर देतेय. तुमच्या मराठी वर्गातली निम्मी तरी मुलं अमेरिकेत जन्मलेली, अमेरिकन नागरिक असतील. 'भारत माझा देश आहे' हे त्यांच्या बाबतीत कागदोपत्री खरं नाही. 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' हे पुष्कळांना मनापासून खरं वाटत असेल. एखाद्या मुलाची आई दुसऱ्या देशाची असेल. त्यांच्यातल्या कुणी तुमच्या मुलीचाच प्रश्न विचारला तर? जो नियम तुम्ही स्पॅनिशच्या बाईंकडे मागणार, तोच तिथे लावा: सक्ती नाही, गुण नाहीत, आणि अर्थ आधी.

प्रतिज्ञा बंद करा असं मी म्हणत नाही. उलट तिला एक अख्खा तास द्या. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती 1962 मध्ये विशाखापट्टणमला तेलुगूत लिहिली, मराठीत आपण म्हणतो तो अनुवाद आहे, हेच बहुतेक पालकांना नवं असतं. 26 जानेवारी 1965 पासून ती देशभर शाळांत सुरू झाली. मुलांना विचारा, यात झेंडा कुठे आहे? शोधूनही सापडणार नाही. अमेरिकेची प्रतिज्ञा झेंड्यापासून सुरू होते, मेक्सिकोची थेट झेंड्याशीच बोलते, आपली देशाबद्दल आणि माणसांबद्दल आहे: पालक, गुरुजन, वडीलधारी माणसं, 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन'. हे शेवटचं वचन कुठल्याही पासपोर्टाचं मूल देऊ शकतं. मग 'पाईक' शब्द फळ्यावर लिहा. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, सेवक. वर्षानुवर्षं 'परंपरांचा पाईक' म्हणणाऱ्या मोठ्यांनाही तो विचारला तर थबकायला होतं. नंतर प्रत्येकाला सांगा की यातली आपल्याला आज खरी वाटणारी वाक्यं वहीत उतरवा आणि तेवढीच मोठ्याने वाचा. कुणी दोन वाचेल, कुणी सगळी. भारतात जन्मलेल्या मुलांनी संपूर्ण म्हटली तर बाकीच्यांनी उभं राहून ऐकायचं.

आधी हा रविवारचा तास घ्या, मुलीलाही मदतीला सोबत न्या आणि नंतरच स्पॅनिशच्या बाईंना पत्र पाठवा. तेव्हा सोबत जोडायच्या कल्पना तिच्याकडे तिच्या स्वतःच्या असतील, आणि पत्रातलं एखादं वाक्य ती बदलायला सांगेल. बदला. बाईंचं उत्तर आलं की तेही पहिल्यांदा तिलाच वाचू द्या.